जुन्या मोटारीतील सेंट्रल लॉकिंग व अलार्म यंत्रणेतील बिघाड : निदानाची पद्धत आणि दुरुस्ती

गोषवारा :
पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मोटारीत दरवाजांची केंद्रीय कुलूप यंत्रणा आणि चोरीविरोधी अलार्म यांत वारंवार बिघाड होताना दिसतात. अशा वेळी नियंत्रक पेटी बदलणे किंवा अलार्म कायमचा तोडून टाकणे हे दोनच उपाय सामान्यतः सुचविले जातात. प्रस्तुत लेखात या यंत्रणेची रचना, बिघाडाची कारणे आणि निदानाचा योग्य क्रम यांचे विवेचन केले आहे. बहुतेक बिघाडांचे मूळ नियंत्रक पेटीत नसून तिला वीज पुरविणाऱ्या जोडणीत किंवा तिला माहिती देणाऱ्या छोट्या स्विचमध्ये असते, हे या विवेचनाचे प्रमुख सूत्र आहे. बिघडलेले कुलूप ही केवळ गैरसोय नसून प्रवाशांच्या जीविताशी संबंधित बाब आहे, याकडेही लेखात लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : सेंट्रल लॉकिंग, अलार्म, इमोबिलायझर, ओहमचा नियम, दोषनिदान, वाहन सुरक्षा.

१. प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे मराठवाड्याचे औद्योगिक केंद्र असून त्याची ओळख वाहन उद्योगाशी निगडित आहे. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. २००१ मध्ये शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा ऑक्टाव्हिया या मोटारीची जुळणी सुरू झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातील ग्राहकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५१ मर्सिडीज-बेंझ मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या आणि त्या घटनेची देशभर चर्चा झाली. खासगी मोटारीची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते. त्यामुळे २०१० मध्ये नोंदणी झालेल्या मोटारींची ही मुदत २०२५ मध्ये पूर्ण झाली. म्हणजेच ज्या मोटारी कालपर्यंत शहराच्या समृद्धीचे प्रतीक मानल्या जात होत्या, त्या आज 'जुन्या मोटारी' या वर्गात आल्या आहेत.

नोंदणीचे नूतनीकरण करून अशी मोटार वापरत राहणे अनेक कुटुंबांना, विशेषतः नोकरदार वर्गाला, आर्थिकदृष्ट्या सोयीचे असते. इंजिन, ब्रेक आणि टायर यांची देखभाल नियमितपणे होते. दरवाजांची कुलपे व अलार्म यांच्याकडे मात्र ती बंद पडेपर्यंत दुर्लक्ष होते. यंत्रणा बिघडल्यावर गॅरेजमध्ये अंदाजाने सुटे भाग बदलले जातात. खर्च होतो आणि काही आठवड्यांत तोच बिघाड परत येतो. हे टाळण्यासाठी यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी विद्युत अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, शालेय भौतिकशास्त्रातील ओहमचा नियम पुरेसा ठरतो.

२. लेखाची उद्दिष्टे :
१) सेंट्रल लॉकिंग व अलार्म यंत्रणेची रचना सोप्या शब्दांत स्पष्ट करणे.
२) जुन्या मोटारीत आढळणाऱ्या बिघाडांची लक्षणे व कारणे यांचा परस्परसंबंध दाखविणे.
३) कमी खर्चाच्या तपासणीपासून अधिक खर्चाच्या तपासणीकडे जाणारा निदानक्रम मांडणे.
४) या बिघाडांचे सुरक्षाविषयक परिणाम निदर्शनास आणणे.

३. यंत्रणेची रचना :
सेंट्रल लॉकिंग यंत्रणेचे चार घटक मानता येतात. पहिला घटक म्हणजे वीजपुरवठा : बॅटरी, फ्यूज, वायरिंग आणि अर्थिंग. दुसरा घटक म्हणजे माहिती देणारे भाग : रिमोट, चावीच्या कुलपातील स्विच, दरवाजा उघडा आहे की बंद हे सांगणारा डोअर स्विच. तिसरा घटक म्हणजे नियंत्रक पेटी. ती मिळालेल्या माहितीवरून निर्णय घेते. चौथा घटक म्हणजे काम करणारे भाग : दरवाजातील कुलपाच्या मोटरी, इंडिकेटरचे दिवे आणि सायरन.

कुलपाची मोटर १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते. तिच्या दोन तारांमधील प्रवाहाची दिशा बदलली की मोटर उलट फिरते. एका दिशेने कुलूप लागते, दुसऱ्या दिशेने उघडते. नियंत्रक पेटी हा प्रवाह केवळ क्षणभर, साधारणतः एक सेकंद किंवा त्याहून कमी काळ, सोडते.

१९९० च्या दशकातील अनेक छोट्या मोटारी सेंट्रल लॉकिंगशिवाय विकल्या गेल्या व मालकांनी ही यंत्रणा नंतर बाजारातून बसवून घेतली. अशा यंत्रणेत चालकाच्या दरवाजात ५ तारांचा 'मास्टर' भाग आणि अन्य दरवाजांत २ तारांचे साधे भाग असतात. मास्टरमधील २ तारा मोटरच्या व उर्वरित ३ तारा स्विचच्या असतात. चालकाने चावीने कुलूप फिरविले की हा स्विच नियंत्रकाला संदेश देतो आणि इतर दरवाजे त्याचे अनुकरण करतात. कारखान्यातूनच यंत्रणा बसवून आलेल्या मोटारींत हेच तत्त्व अधिक गुंतागुंतीच्या स्वरूपात असते. काही मोटारींत मात्र विजेऐवजी हवेचा दाब वापरलेला आढळतो. १९९५ पासून पुण्यात जुळणी झालेली मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू १२४ श्रेणी हे त्याचे उदाहरण होय. तेथे एक पंप बारीक नळ्यांतून सर्व कुलपे चालवितो. त्यामुळे चिरलेली रबरी नळी हे बिघाडाचे कारण ठरू शकते.

अलार्म ही याच यंत्रणेवर उभारलेली दुसरी यंत्रणा आहे. डोअर स्विच, बॉनेटचा स्विच, डिकीचा स्विच आणि धक्का ओळखणारा सेन्सर यांपैकी एकाने जरी संदेश दिला, तरी सायरन वाजतो. येथे एक मूलभूत बाब लक्षात घ्यावी लागते. अलार्म स्वतः काही पाहत नाही, त्याला जे कळविले जाते त्यावर तो विश्वास ठेवतो. कारण नसताना वाजणारा अलार्म बहुधा आपले काम चोख करीत असतो. त्याला माहिती देणारा स्विच मात्र चुकीची माहिती देत असतो.

४. निदानाचा क्रम :
४.१ लक्षणांचे वर्गीकरण
कोणतेही अवजार हाती घेण्यापूर्वी लक्षण नेमके कोणते, हे ठरविणे महत्त्वाचे आहे. त्यावरून तपासणीचे क्षेत्र लगेच मर्यादित होते.
अ) सर्व दरवाजे एकाच वेळी निष्क्रिय झाले, तर दोष सामाईक भागात म्हणजे बॅटरी, फ्यूज, अर्थिंग किंवा नियंत्रकात असतो.
आ) एकच दरवाजा काम करीत नसेल, तर दोष त्याच दरवाजाच्या तारा, मोटर किंवा कुलपात असतो.
इ) चावीने सर्व दरवाजे लागतात पण रिमोटने लागत नाहीत, तर रिमोटचा सेल, त्याची जुळवणी किंवा संदेशग्राहक भाग तपासावा.
ई) दरवाजे लागतात व लगेच आपोआप उघडतात, तर चालकाच्या दरवाजातील कुलूप पूर्ण फिरत नसल्याने नियंत्रकाला परस्परविरोधी माहिती मिळत असण्याची शक्यता अधिक असते.
उ) दरवाजा उघडताना किंवा लावताना कुलपे आपोआप हलतात, तर बिजागरीजवळ तार तुटत आली आहे असे समजावे.

४.२ बॅटरी, फ्यूज व अर्थिंग
पूर्ण चार्ज झालेल्या आणि काही तास विश्रांती मिळालेल्या बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १२.६ असते. ते १२.२ च्या आसपास आले की बॅटरी जवळपास निम्मी रिकामी झालेली असते. इंजिन चालू असताना बहुतेक जुन्या मोटारींत ते साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट असावे. बॅटरी क्षीण असताना अलार्मही विचित्र वागतो, म्हणून पहिली मोजणी येथेच करावी.

त्यानंतर फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज बसविणे कटाक्षाने टाळावे. फ्यूज जळणे हे कारण नसून लक्षण आहे. क्षमता वाढविली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

अर्थिंगचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कुलपाच्या मोटरचा रोध २.४ ओहम आहे असे मानू. १२ व्होल्टला तिच्यातून ५ ॲम्पिअर प्रवाह वाहतो आणि तिला ६० वॅट शक्ती मिळते. आता गंजलेल्या अर्थिंगमुळे परिपथात केवळ १ ओहम रोध वाढला, तर एकूण रोध ३.४ ओहम होतो, प्रवाह ३.५३ ॲम्पिअरवर येतो आणि मोटरला सुमारे ३० वॅटच शक्ती मिळते. म्हणजे एका ओहमने मोटरची शक्ती निम्मी झाली. अशी मोटर 'टक' असा आवाज करते, पण कुलूप फिरवीत नाही. ती खराब आहे असे समजून नवी बसविली, तरी फरक पडत नाही. अर्थिंगचा बोल्ट सोडवून, पत्र्यावरील गंज पॉलिश पेपरने घासून, पुन्हा घट्ट केल्यास जुनीच मोटर पूर्ववत काम करते.

४.३ बिजागरीजवळील तारा
गाडीच्या मुख्य भागातून दरवाजात जाणाऱ्या तारा एका रबरी नळीतून नेलेल्या असतात. चालकाचा दरवाजा दिवसातून १० वेळा उघडला-लावला असे धरले, तर १५ वर्षांत ५४,७५० वेळा या तारा वाकतात. शिवाय आपल्या भागातील उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या उष्णतेने तारांवरील प्लास्टिकचे आवरण कडक होते, वाकताना त्याला चिरा पडतात आणि पावसाळ्यात त्या चिरांतून ओल शिरते. त्यामुळे जुन्या मोटारीतील बिघाडांचे हे एक प्रमुख स्थान मानावे लागते.

तपासणीची रीत सोपी आहे. रबरी नळी एका बाजूने सोडवून मागे सरकवावी व प्रत्येक तार हलक्या हाताने ओढून पाहावी. आतील तांबे तुटले असेल, तर आवरण रबरासारखे ताणले जाते. मल्टिमीटर सातत्य तपासणीवर ठेवून दरवाजा हळूहळू हलविल्यास तुटक जोड लगेच उघड होतो. मात्र ही तपासणी बॅटरीची तार काढूनच करावी.

दुरुस्ती करताना तुटलेली दोन टोके पिळून त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळण्याची प्रथा सर्रास आढळते. उन्हाने चिकटपट्टीचा डिंक वितळतो व जोड उघडा पडतो. योग्य पद्धत अशी, की त्याच जाडीच्या बहुपदरी लवचीक वायरचा तुकडा घ्यावा, जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर दोन्ही बाजूंना ठेवावेत, ते झाळून त्यांवर उष्णतेने आकसणारी नळी बसवावी. झाळलेला जोड ताठ असतो. तो वाकणाऱ्या भागातच ठेवल्यास त्याच्या शेजारी तार पुन्हा तुटते. अनेक तारा जोडायच्या असतील, तर सर्व जोड एकाच रेषेत न ठेवता मागे-पुढे ठेवावेत.

४.४ कुलूप व मोटर
दरवाजाचे आतील आवरण काढल्यावर मोटर कुलपाच्या सळईपासून सुटी करून स्वतंत्रपणे तपासता येते. सळई हाताने सहज हलत नसेल, तर दोष विजेचा नसून यांत्रिक आहे. मराठवाड्यातील बारीक धूळ आणि जुने ग्रीस यांचे घट्ट मिश्रण कुलपात साचते. त्यावर इंजिन ऑईल सोडल्यास काही दिवस बरे वाटते, पण नंतर त्यावर आणखी धूळ बसते. प्रथम साफ करणारा द्रावक फवारून जुना मळ काढावा व मग पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ थर द्यावा. चावीच्या छिद्रात मात्र ग्रीस न घालता ग्रॅफाइटची कोरडी भुकटी वापरावी.

दरवाजाच्या आत पत्र्यावर चिकटविलेला प्लास्टिकचा कागद अनेकदा दुरुस्तीनंतर फेकून दिला जातो. काचेच्या फटीतून दरवाजात उतरलेले पाणी आतील आवरणापर्यंत व विजेच्या जोडण्यांपर्यंत पोहोचू नये, हे त्या कागदाचे काम आहे. तो पुन्हा व्यवस्थित चिकटविणे हा दुरुस्तीचाच भाग होय.

४.५ डोअर स्विच
जुन्या साध्या मोटारींत दरवाजाच्या चौकटीवर रबरी टोपीखाली एक दाबण्याचा स्विच असतो. तो काढून साफ करणे किंवा बदलणे अल्प खर्चाचे आहे. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियासारख्या मोटारींत मात्र वेगळा स्विच दिसत नाही. दरवाजा उघडा-बंद असल्याची माहिती देणारे सूक्ष्म स्विच कुलपाच्या भागातच बसविलेले असतात. वयोमानानुसार त्यांचे जोड सैल झाले, तर दरवाजा उघडूनही आतला दिवा लागत नाही किंवा दरवाजा बंद असूनही तो उघडा असल्याची सूचना डॅशबोर्डवर दिसते. अशा वेळी अलार्म नीट कार्यान्वित होत नाही किंवा रात्री अचानक वाजतो.

याची खात्री करण्यासाठी दरवाजा उघडा ठेवून कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलावी. नियंत्रकाला दरवाजा बंद झाला असे वाटून आतला दिवा विझला पाहिजे. जीभ हँडल ओढून मोकळी केल्यावर दिवा पुन्हा लागला पाहिजे. तपासणी संपल्यावर जीभ मोकळी केल्याशिवाय दरवाजा आपटू नये, अन्यथा कुलूप मोडते. स्विच दोषी ठरल्यास संपूर्ण कुलूप बदलता येते. कुशल कारागीर केवळ सूक्ष्म स्विच बदलून किंवा त्याचे जोड पुन्हा झाळूनही तेच काम करू शकतो.

४.६ रिमोट
रिमोटमध्ये प्रचलित असलेल्या सीआर २०३२ या सेलच्या नावातच त्याचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. त्याचे व्होल्टेज ३ असते. रिमोट अगदी गाडीजवळ नेल्यावरच चालत असेल, तर सेल प्रथम बदलावा.

सेल बदलूनही रिमोट चालत नसेल, तर त्यामागे सांकेतिक क्रमांकाचे कारण असू शकते. रिमोट दरवेळी नवा संकेत पाठवितो, म्हणजे कोणी जुना संकेत टिपून ठेवला तरी त्याचा उपयोग होऊ नये. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली व १९९५ मध्ये अमेरिकेतील मायक्रोचिप कंपनीने विकत घेतलेली कीलॉक ही पद्धत या प्रकारातील प्रसिद्ध पद्धत होय. या पद्धतीत ग्राहक भाग पुढील १६ संकेतांपर्यंतचा फरक मान्य करतो. लहान मुलाने गाडीपासून दूर असताना बटण त्याहून अधिक वेळा दाबले, तर दोघांचा मेळ सुटतो व लागोपाठ दोनदा बटण दाबून तो पुन्हा जुळवावा लागतो. स्कोडाच्या अनेक जुन्या मोटारींत रिमोटचे बटण दाबून एका मिनिटाच्या आत चालकाचा दरवाजा चावीने उघडल्यास ही जुळवणी होते. प्रत्येक मोटारीची रीत वेगळी असल्याने तिची माहितीपुस्तिका पाहणे श्रेयस्कर ठरते.

५. अकारण वाजणारा अलार्म :
अकारण वाजणाऱ्या अलार्मचे निदान वगळण्याच्या पद्धतीने करावे. प्रथम बॉनेटचा स्विच तपासावा. तो इंजिनाची उष्णता, पाणी व धूळ या तिन्हींना तोंड देत असल्याने लवकर गंजतो. त्याची तार तात्पुरती सुटी करून एक-दोन रात्री निरीक्षण करावे. अलार्म शांत राहिल्यास कारण सापडले. मात्र काही यंत्रणांत तार सुटी करणे म्हणजेच धोक्याची सूचना असते, याची आधी खात्री करावी. त्यानंतर याच रीतीने डिकीचा स्विच, एकेक दरवाजा आणि शेवटी धक्का ओळखणारा सेन्सर तपासावा. बाजारातून बसविलेल्या सेन्सरवर संवेदनशीलता कमी-जास्त करण्याचा छोटा स्क्रू असतो. तो अधिक संवेदनशील ठेवल्यास शेजारून जाणाऱ्या ट्रकनेही अलार्म वाजतो. सेन्सर सैल बसविला असेल, तर त्याला गाडीची स्वतःची थरथरही धक्का वाटते.

काही युरोपीय मोटारींच्या मूळ सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते. चोराने मुख्य बॅटरी काढली तरी सायरन वाजावा हा त्यामागील हेतू असतो. वर्षानुवर्षांनी ही छोटी बॅटरी निकामी होते, कधी तिच्यातील रसायन पाझरते व सायरन अवेळी वाजू लागतो. अशा वेळी सर्व स्विच निर्दोष असूनही त्रास थांबत नाही.

या प्रश्नाला सामाजिक बाजूही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या सभोवतालच्या किमान १०० मीटर परिसरात, ती दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे. परीक्षा चालू असताना महाविद्यालयाच्या वाहनतळावर वाजणारा सायरन हा त्यामुळे केवळ मालकाचा खासगी प्रश्न राहत नाही. शिवाय वारंवार अकारण वाजणाऱ्या अलार्मकडे शेजारी लक्ष देणे सोडून देतात. खरोखर चोरी होत असतानाही मग कोणी खिडकी उघडून पाहत नाही.

६. इमोबिलायझर :
अलार्म व इमोबिलायझर यांत गल्लत होते. अलार्म आवाज करतो, इमोबिलायझर इंजिन चालू होऊ देत नाही. चावीतील सूक्ष्म चिप ओळखली गेली नाही, तर काही मोटारींत इंजिन क्षणभर चालू होऊन बंद पडते. अशा वेळी प्रथम दुसरी चावी वापरून पाहावी.

बाजारातून बसविलेल्या अलार्ममध्ये इग्निशन किंवा इंधनपंपाची तार कापून मध्ये एक रिले बसविलेला असतो. हा रिले जुना झाला किंवा त्याचा जोड सैल झाला, तर चालत्या गाडीचे इंजिन बंद पडू शकते. इंजिन बंद होताच पॉवर स्टीअरिंगचे साहाय्य थांबते व ब्रेकला मिळणारे साहाय्यही लवकरच संपते. सोलापूर–धुळे महामार्गावर कन्नडच्या औट्रम घाटात असे घडल्यास त्याचा परिणाम काय होईल, याची कल्पना करता येते. म्हणून जुना अलार्म काढून टाकायचा झाल्यास केवळ सायरनची तार तोडणे पुरेसे नाही. हा रिले काढून मूळ तार योग्य जाडीच्या वायरने पुन्हा सलग करणे अत्यावश्यक आहे.

७. बॅटरी उतरण्याचा प्रश्न :
उभ्या गाडीतही अलार्म व घड्याळ यांना थोडा प्रवाह लागतो. साधारणतः ५० मिलिॲम्पिअरपर्यंतचा प्रवाह स्वाभाविक मानला जातो. ४० ॲम्पिअर-अवर क्षमतेची बॅटरी या प्रवाहाने पूर्ण रिकामी व्हायला ८०० तास, म्हणजे सुमारे ३३ दिवस लागतील. एखादा स्विच अडकल्याने नियंत्रक 'झोपी' गेला नाही व प्रवाह ५०० मिलिॲम्पिअर राहिला, तर तीच बॅटरी ८० तासांत रिकामी होते. गाडी त्याच्याही बरीच आधी चालू होईनाशी होते. शनिवारी उभी केलेली गाडी मंगळवारी चालू होत नाही, या अनेकांच्या अनुभवामागे कित्येकदा हेच गणित असते. नवी बॅटरी बसविण्यापूर्वी ऋण टोकाशी मल्टिमीटर एकसरीत जोडून, दरवाजे लावून, अर्ध्या तासाने हा प्रवाह मोजावा. मीटर जोडलेला असताना इंजिन चालू करू नये.

८. सुरक्षाविषयक विचार :
बिघडलेले कुलूप दोन प्रकारे धोकादायक ठरते. अपघातात किंवा आग लागल्यास दरवाजा आतून उघडला पाहिजे. वीजपुरवठा खंडित झाला तरी प्रत्येक दरवाजा आतील हँडलने हाताने उघडतो की नाही, हे दर काही महिन्यांनी पाहावे. मागील दरवाजांच्या बालसुरक्षा कुलपाची स्थितीही तपासावी.

दुसरा धोका आपोआप लागणाऱ्या कुलपाचा आहे. चावी गाडीत, मूल आसनावर आणि आई किंवा वडील क्षणभर खाली उतरलेले, अशा वेळी तुटक तारेमुळे दरवाजे लागले तर काय घडते? २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेरील तापमान २२ ते ३६ अंश असताना बंद मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढल्याचे व त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाल्याचे दिसून आले. आपल्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात हा काळ किती अपुरा आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. असा प्रसंग ओढवल्यास कारागिराची वाट न पाहता मुलापासून दूरची बाजूची काच कोपऱ्याजवळ टोकदार कठीण वस्तूने फोडावी व ११२ क्रमांकावर मदत मागावी. समोरची काच स्तरित असल्याने ती फोडण्यात वेळ घालवू नये. कुलपे आपोआप हलू लागली की दुरुस्ती होईपर्यंत चावी नेहमी स्वतःजवळ ठेवणे, हा यावरील खरा प्रतिबंध होय.

दुरुस्ती करतानाही काही पथ्ये पाळावी लागतात. बॅटरीची तार काढण्यापूर्वी एक काच खाली ठेवावी, म्हणजे गाडी चावीसह आतून बंद होणार नाही. एअरबॅग असलेल्या मोटारीत पिवळ्या रंगाच्या जोडण्यांना हात लावू नये. विद्युत नियंत्रकाच्या तारांवर बल्बचा टेस्ट लॅम्प न वापरता मल्टिमीटरच वापरावा, कारण बल्बमधून वाहणारा प्रवाह नाजूक परिपथास हानी पोहोचवू शकतो.

विम्याचाही एक मुद्दा येथे नोंदविणे योग्य होईल. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमध्ये पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने मान्यता दिलेले चोरीविरोधी उपकरण बसविल्यास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के, कमाल ५०० रुपये, सवलतीची तरतूद होती. अशी सवलत घेऊन अलार्म मात्र तोडून ठेवणे हे विमा कंपनीला चुकीची माहिती देण्यासारखे आहे.

९. निष्कर्ष :
१) सेंट्रल लॉकिंग व अलार्म यांच्या बिघाडात नियंत्रक पेटीवर प्रथम संशय घेणे तर्कसंगत नाही. वीजपुरवठा, बिजागरीजवळील तारा, स्विच, कुलपाचा यांत्रिक भाग, रिमोट आणि सर्वांत शेवटी नियंत्रक, हा तपासणीचा क्रम वेळ व पैसा दोन्ही वाचवितो.
२) अकारण वाजणारा अलार्म हा चुकीच्या माहितीचा परिणाम असतो. माहितीचा स्रोत दुरुस्त न करता सायरन तोडणे म्हणजे मूळ दोष तसाच ठेवणे होय.
३) बाजारातून बसविलेला इंजिन बंद करणारा रिले जुन्या मोटारीत विशेष काळजीने तपासला पाहिजे.
४) आपोआप लागणारे किंवा आतून न उघडणारे कुलूप हा तातडीने दुरुस्त करण्याचा दोष आहे. त्याची गणना ब्रेकच्या दोषाबरोबरच व्हावयास हवी.

समारोप :
वाहनांच्या निर्मितीत नाव मिळविलेल्या या शहराने वाहने दीर्घकाळ सुस्थितीत राखण्याचे शास्त्रही आत्मसात करणे उचित ठरेल. मोटर, स्विच आणि रोध यांचे वर उल्लेखिलेले उदाहरण पदवीपूर्व भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका तासिकेत दाखविता येते. जुन्या मोटारीचा एक सुटा दरवाजा त्यासाठी पुरतो. वर्गात शिकलेला ओहमचा नियम विद्यार्थ्याने बिजागरीजवळच्या तुटक्या तारेत प्रत्यक्ष पाहिला, तर तो नियम त्याच्या कायम स्मरणात राहील आणि त्याच्या घरची गाडीही अंदाजाने नव्हे, तर मोजमाप करून दुरुस्त होईल.